चिऊताई दार उघडेपर्यंत

शनिवारी सकाळी आमच्या वाचनालयात ३ ते ५ वर्षांच्या पोरांसाठी गोष्टीचा तास असतो. सतरंजीवर दहा-बारा मुलं, मागे आया, एखाद-दोन आजोबा, आणि पुढे मी पुस्तक उघडं धरून. सुरुवातीचे काही महिने मी मस्त आवाज काढून, हावभाव करून गोष्ट धडाधड वाचून काढायचे आणि मधे कोणी तोंड उघडलं की "श्श्, आधी ऐका हं". पाचव्या पानापर्यंत अर्धी मुलं कपाटांमागे लपाछपी खेळत असायची. मला वाटायचं आजकालच्या पोरांना पेशन्स नाही. खरं तर मीच त्यांना काही काम देत नव्हते.

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मधे एक प्रयोग छापला. पावणेदोन ते तीन वर्षांची मुलं, दोन गट, दोन्ही गटांचे आईबाप घरी चित्रांची पुस्तकं वाचून दाखवणारेच. एका गटाला फक्त थोडं ट्रेनिंग दिलं: हो-नाही म्हणून सुटता येईल असं विचारू नका, "हा काय करतोय?" असं विचारा, आणि मूल जे बोलेल त्यात दोन शब्द घालून त्यालाच परत द्या. महिन्याभरानं बोलण्याच्या एका चाचणीत ही मुलं दुसऱ्या गटाच्या साडेआठ महिने पुढे होती, शब्दांच्या चाचणीत सहा महिने. आता मुलं एकूण तीसेकच, तीही मध्यमवर्गीय घरांतली, त्यामुळे आकडा अगदी घट्ट धरून बसू नका. नंतरच्या अभ्यासांतही फायदा दिसला, पण दरवेळी एवढा दणदणीत नाही.

हे चालतं कशामुळे? शब्द ऐकून कळणं वेगळं आणि तोच शब्द डोक्यातून शोधून तोंडानं बाहेर काढणं वेगळं, दुसरं काम खूप जड असतं. आणि मूल ते करत असतं नेमकं तेव्हाच त्याचं सगळं लक्ष त्या वस्तूवर असतं, मग तिथेच मिळालेला नवा शब्द चिकटतो. म्हणजे कोणी म्हणालं "काऊ ओला", की मी म्हणते "हो ना, काऊ पावसात चिंब भिजला, काय झाला काऊ?" आणि सगळी सतरंजी ओरडते, "चिंब भिजला!"

सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी शाळांच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण १ सेकंद थांबतात आणि पुढे जातात. तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. ३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, दहा मुलांसमोर बसून पाहा, घाम फुटतो. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत ही जागा आयतीच आहे. "चिऊताई चिऊताई दार उघड" म्हणत सगळे जमिनीवर ठक ठक करतात (एकच हुशार पोरगं सगळी उत्तरं देऊन टाकतं त्यावरही हाच उपाय, हात सगळ्यांना असतात), आणि मी विचारते, चिऊ आत काय करत असेल? एकदा बराच वेळ कोणीच बोललं नाही, मी बोलणारच होते, तेवढ्यात कधीही न बोलणारी एक मुलगी वॉटरबॉटलचा पट्टा चावत म्हणाली, "थांब, ओटीपी सांगते."

अर्थात प्रत्येक पानाला प्रश्न विचारलात तर गोष्टीची प्रश्नपत्रिका होते. मी तीन-चार जागा ठरवते, बाकी सरळ वाचते.

आणि "परत तीच सांग" याला वैतागू नका. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात २०११ मधे तीन वर्षांच्या मुलांवर हे पाहिलंय. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टी, नवे शब्द मात्र दोघांच्या कानावर सारखेच वेळा पडलेले. शब्द जास्त शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुलं. पहिल्यांदा सगळं लक्ष पुढे काय होतं यात अडकलेलं असणार, ते कळलं की शब्दांकडे बघायला सवड मिळते असं मला वाटतं.

आमच्याकडे चिऊ-काऊ सलग चार शनिवार झाली. चौथ्या वेळी मी मुद्दाम म्हटलं, "काऊचं घर होतं मातीचं", तर एकदम आरडाओरडा, "शेणाचं, शेणाचं!" आणि तो थांबल्यावर मागून एक बारीक आवाज, "शेण म्हणजे काय?" कोणालाच माहीत नव्हतं, चार आठवडे नुसतं म्हणत होते. एका आजोबांनी "गाईची शी" म्हणून सांगून टाकलं आणि मग पंधरा मिनिटं चिऊचं दार काही उघडलं नाही.