स्वतःला क्षमा (ख्रिस्ती दृष्टिकोन)

पाप कबूल केले, देवाने क्षमा केली यावर विश्वासही आहे, तरी मन आतून सुटत नाही. या अवस्थेला ख्रिस्ती समुपदेशनात 'स्वतःला क्षमा न करता येणे' म्हणतात. बायबलमध्ये मात्र 'स्वतःला क्षमा कर' अशी आज्ञा कुठेही नाही. तिथे क्षमा करणारा एक तर देव असतो, नाहीतर ज्याचे नुकसान झाले तो माणूस. म्हणून काही धर्मशास्त्रज्ञांना हा शब्दप्रयोगच मान्य नाही: कर्जदाराने आपले कर्ज आपणच कसे माफ करायचे? इतर जण तो स्वीकारतात, पण 'मिळालेली क्षमा आपल्यालाही लागू आहे हे मानणे' एवढ्याच अर्थाने. हाच अर्थ उपयोगी पडतो, कारण अडकलेला माणूस मनात सुटकेची भावना निर्माण करायला धडपडत असतो आणि ते काम त्याचे नाहीच. आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव मनापेक्षा मोठा आहे, असे योहानाचे पहिले पत्र (3:20) सांगते.

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (7:10) प्रेषित पौल दोन दुःखांत फरक करतो: एक पश्चात्तापाकडे नेते, दुसरे मरणाकडे. येशूचे दोन शिष्य, पेत्र आणि येशूला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा इस्कर्योत, ही त्यांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. यहूदाला पस्तावा झालाच नाही, असे समजणे चूक आहे. 'मी निर्दोष माणसाला धरून दिले' हे त्याने उघड बोलून दाखवले, त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणीही परत नेली. पण नेली ती मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी 'आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा' म्हणून हात झटकले (मत्तय 27:3-5). क्षमा जिथे नव्हतीच तिथे तो गेला आणि पुढे एकटा पडला; त्याचा शेवट मरणात झाला. पेत्राने येशूला तीनदा नाकारले ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तलावाकाठी येशूने त्याच्याशी बोलणे काढले तेही कोळशाच्या विस्तवाजवळच. नव्या करारात हा ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी येतो (योहान 18:18, 21:9). तिथे 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' हे तीनदा विचारले गेले. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले, पण प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरांची, म्हणजे येशूच्या अनुयायांची, जबाबदारी सोपवली गेली. जखमेवर बोट ठेवले गेले आणि त्याच क्षणी काम दिले गेले. 'आता तुला बरे वाटते का', असे कोणी विचारले नाही.

मन न सुटण्याची कारणे बहुधा शोधून काढता येतात. सर्वांत साधे कारण म्हणजे मोघम कबुली. 'मी फार वाईट आहे' ही कबुली नव्हे, ते स्वतःबद्दलचे मत झाले. 'मी अमक्याचे पैसे घेतले आणि घेतले नाहीत असे सांगितले' ही कबुली. दुसरे कारण, भरपाई राहून गेलेली असते. बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे लुबाडलेली वस्तू अधिक तिचा पाचवा हिस्सा परत द्यावा लागे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले. परतफेड शक्य असून टाळली असेल तर टोचणी खरी आहे, तिला प्रार्थनेने गप्प करू नये. मात्र माफी मागण्याने समोरच्याची जखम नव्याने उघडणार असेल, तर आधी अनुभवी धर्मगुरूशी किंवा पाळकाशी बोलावे. आपला जीव हलका व्हावा म्हणून दुसऱ्यावर ओझे टाकणे ही भरपाई नव्हे.

तिसरे कारण अधिक खोल आहे: परिणाम उरले म्हणजे क्षमा झाली नाही, असा समज. दावीद राजाने उरीयाच्या बायकोशी व्यभिचार केला आणि उरीयाला मारवले. नाथान संदेष्ट्याने दावीदाला 'परमेश्वराने तुझे पाप दूर केले' असे सांगितले, तरी उरीया परत आला नाही आणि त्या संबंधातून झालेले मूलही दगावले. त्यानंतर दावीद जमिनीवरून उठला, अंघोळ केली, तेल लावले, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन आराधना केली आणि घरी येऊन जेवायला मागितले (2 शमुवेल 12:20). नोकर चकित झाले. परिणाम भोगत असतानाही जेवता येते, हे ज्याला पटत नाही तो स्वतःला शिक्षा देत राहतो, आणि ती पुरी कधी होणार हे ठरवायला कोणीच नसते. चौथे कारण म्हणजे पाप आपले नसणेच. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला वाटणारी अपराधी भावना कबुलीने जात नाही, कारण कबूल करण्यासारखे काही नसते. तिला क्षमेची नव्हे, निर्दोषत्वाची ग्वाही हवी असते.

कबुलीची रीत पंथानुसार बदलते. कॅथलिक परंपरेत पश्चात्ताप, पापनिवेदन, धर्मगुरूंनी दिलेली पापमुक्ती आणि प्रायश्चित्त हे तिचे भाग आहेत, आणि ऐकलेले गुप्त ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक असते. ऑर्थोडॉक्स परंपरेत कबुली देवापुढे, धर्मगुरूंच्या साक्षीने होते. प्रोटेस्टंट थेट देवाजवळ पाप कबूल करतात, पण 'एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा' या याकोबाच्या पत्रातील (5:16) वचनाच्या आधारे विश्वासू व्यक्तीपुढे बोलण्याचीही प्रथा आहे. ज्याचे मन सुटत नाही त्याला तिचा फार उपयोग होतो, कारण क्षमेचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडतात. पाप एका वाक्यात, क्रियापदासह सांगावे. कारणे जोडू नयेत. नंतर आठवण पुन्हा वर आली तर तेच पाप पुन्हा कबूल करू नये, त्याच्या क्षमेबद्दल आभार मानावेत. आठवण येणे हे पाप नव्हे.

हाच नियम काहींना पाळता येत नाही. या अतिसाशंकतेला लॅटिनमध्ये 'स्क्रुपुलुस', म्हणजे बोचणारा बारीक खडा, असे नाव आहे. 1522 मध्ये स्पेनमधील मनरेसा येथे, पुढे जेसुइट संघ स्थापणारे इग्नेशियस लोयोला जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करत होते. 'अगदी स्पष्ट असेल तेच सांगा,' असा सल्ला मिळाला, पण त्यांना सगळेच स्पष्ट वाटे, त्यामुळे तो फुकट गेला. आत्महत्येचे विचारही आले. शेवटी जुन्या पापांची कबुली कायमची थांबवायची, असे ठरवल्यावर ते सुटले. दोन काड्यांच्या क्रूसावर चुकून पाय पडला तर, हे उदाहरण त्यांचेच: ते पाप ठरवणे हा नुसता चुकीचा निर्णय, पाप झाले आणि झाले नाही, या दोन विचारांत मन हेलकावत राहणे ही खरी अतिसाशंकता. अशा व्यक्तीने एकच मार्गदर्शक धरावा. दर वेळी खात्री मागितली की घटकाभर बरे वाटते आणि शंका अधिक बळावते, म्हणून मार्गदर्शकानेही तीच खात्री पुन्हा देऊ नये. हा त्रास अनेकदा मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा प्रकार असतो. त्यावर मानसोपचार आणि औषधे आहेत, आणि ती घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. जीव द्यावासा वाटत असेल तर कबुलीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, आणि तोवर सोबत कोणीतरी असावे.