कापसाच्या पट्ट्यातली शंभर वर्षं : उकिरडा, फवारणी आणि मोहोळ

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी (कापसाचं झाड), पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. माणसं मेली म्हणून निदान चौकश्या झाल्या. त्याच फवाऱ्याखाली आलेल्या मधमाश्यांचा पंचनामा होत नसतो.

याच जिल्ह्यात पुसद आहे. भोकं ठेवलेल्या टाकीत, थोड्या शेणात भरपूर खत करण्याची ‘नाडेप’ पद्धत तिथलीच. आज शहरात बाल्कनीतल्या भोकं पाडलेल्या बादलीत ओला कचरा जिरवला जातो, त्यामागचं तत्त्वही तेच आहे. खत आणि विष एकाच मातीत शेजारी शेजारी कसे आले, हे बघायचं तर कापसाचा धागा धरून मागे जावं लागतं.

रासायनिक खतांच्या आधी उकिरडा होता. शेण, गोठ्यातलं गवत, चुलीतली राख, भाजीची देठं असं सगळं तिथे पडायचं आणि उन्हाळ्यात गाडीनं शेतात जायचं. ‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते’ ही म्हण त्याच जगातली. उकिरडा आदर्श होता असं मात्र नाही. बरंच शेण गोवऱ्यांच्या रूपानं चुलीत जायचं आणि उघड्या ढिगातला नत्र उन्हापावसात उडून किंवा वाहून जायचा. तरी जे जमिनीतून आलं ते जमिनीकडे परत, ही वाट मोडली नव्हती.

या उकिरड्याला शास्त्राची शिस्त लावण्याचं काम इंदूरला झालं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथे आले आणि १९२४ पासून इंदूरच्या नव्या संशोधन संस्थेत काम करू लागले. जमीन होळकर दरबाराची आणि पैशाचा मोठा वाटा कापूस समितीचा. संस्था कापसासाठीच होती, त्यामुळे वेचणीनंतर उरलेल्या पऱ्हाट्यांचं काय करायचं हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. त्या लाकडासारख्या टणक असतात, सहजी कुजत नाहीत. तिथे काढलेला तोडगा मला फार आवडतो. पऱ्हाट्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि खुरांखाली त्या चिरडल्या जातात. मग गोठ्यातलं मूत मुरलेली माती, शेण, राख आणि काडीकचरा यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. तीनेक महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी यशवंत वाड या दोघांच्या नावानं या पद्धतीचं पुस्तक निघालं. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष म्हणून जगभर गाजले. वाडांचं नाव कंपोस्टच्या चर्चेत क्वचितच निघतं, ते निघायला हवं.

हॉवर्ड यांचं एक म्हणणं इथे महत्त्वाचं आहे. कीड हा शत्रू नव्हे, तर जमीन किंवा पीक बिघडल्याची ती खूण आहे, असं ते मानत. पुढच्या काळानं नेमकी उलटी वाट धरली.

हवेतल्या नत्रापासून अमोनिया, म्हणजे नत्रखताचा कच्चा माल, करण्याचा कारखाना जर्मनीत १९१३ मध्येच सुरू झाला होता. आपल्याकडे सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये उत्पादनात आला. मग हायब्रीड बियाणं आलं. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रातून सी. टी. पटेल यांचा ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस निघाला. त्याचं बियाणं करताना फुलातले पुंकेसर हातानं काढून दुसऱ्या झाडाचे पराग हातानंच लावावे लागतात. मधमाशीचं काम मजूर बायांच्या बोटांवर आलं ते असं. नत्रावर पोसलेलं पीक हिरवंगार, लुसलुशीत होतं आणि रसशोषक किडी नेमक्या तिथेच येतात. फवारण्या वाढत गेल्या. देशातलं सुमारे ५ टक्के लागवडक्षेत्र व्यापणारा कापूस एकेकाळी जवळपास निम्मी कीटकनाशकं रिचवत होता.

२००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुडतुडे, पांढरी माशी होतीच आणि पुढे गुलाबी बोंडअळी बीटीलाही पुरून उरली. शिवाय बियाणंच इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप लावून येऊ लागलं. हे औषध मुळांतून झाडभर भिनतं, मकरंदात आणि परागातही उतरतं. रोप त्यातला थोडाच भाग शोषतं, बाकीचा मातीत राहतो. फ्रान्सनं सूर्यफुलाच्या बियाण्यावर त्याचा वापर १९९९ मध्येच थांबवला आणि युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याच्या, म्हणजे निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. कारण होतं मधमाश्या. थोड्या मात्रेनं माशी लगेच मरत नाही, पण तिला घरची वाट सापडेनाशी होते.

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्यामोहोळ आठवतं, फार तर पेटीतली सातेरी. पण जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या आहेत. कापसाच्या ओळींत लावलेल्या तुरीच्या फुलांवर येणारे भुंगे आणि पानं कातरणाऱ्या माश्या याच एकांड्या जगातल्या. त्यांना पडीक कोपरा, बांधावरची बाभूळ-बोर, पावसाळ्यातलं फुलणारं तण लागतं. बांध कोरले गेले, तणनाशकानं फुलं गेली आणि जिथे त्यांची अंडी असतात त्याच मातीत औषध मुरलं. पोळं पेटीत घालून दुसरीकडे नेता येतं, यांचं बीळ नेता येत नाही.

ही पडझड चालू असतानाच पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे काम करत होते. लोक त्यांना नाडेप काका म्हणत. गुरं कमी झाली, शेण मिळेना, मग खत कसं करायचं? त्यांनी सुमारे १० ते १२ फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच विटांची टाकी बांधली आणि भिंतीत मुद्दाम भोकं ठेवली. आत सुमारे १,४०० किलो काडीकचरा, जेमतेम १०० किलो शेण, गाळलेली माती आणि पाणी. हवा भोकांतून आत जाते, म्हणून ढीग उलथावा लागत नाही. साडेतीन-चार महिन्यांत जवळपास ३ टन खत. इंदूर पद्धतीतली सर्वांत कष्टाची पायरी विटांमधल्या त्या भोकांनी वाचवली.

घरची बादली म्हणजे या टाकीचं धाकटं भावंड. ओल्यावर कोरडं, म्हणजे भाजीच्या सालांवर सुका पालापाचोळा, वर मूठभर माती किंवा जुनं खत. वास आला तर हवा कमी पडली, पाचोळा वाढवायचा. कचरा घरातच वेगळा करण्याची सक्ती २०१६ च्या घनकचरा नियमांनी केली आणि आपल्या शहरांतल्या कचऱ्याचा मोठा हिस्सा ओलाच असतो. पण एवढ्यानं कापसाच्या रानातली मधमाशी वाचेल असं मी म्हणणार नाही.

तिथला प्रश्न अजून पऱ्हाटीचा आहे. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या जाळल्या जातात, सरपणाला जातात किंवा फरदडीसाठी, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस घेण्यासाठी, रानात तशाच उभ्या राहतात. त्यांतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात फवारणी वाढवते. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बारीक करून कंपोस्ट करा, असं कृषी विभाग आता दरवर्षी सांगतो. इंदूरला गाडीची चाकं करायची ते काम आता श्रेडर हे काड्या बारीक करणारं यंत्र करतं. नाडेप टाकी रोजगार हमीतून बांधून मिळते, पण श्रेडर वेळेवर गावात पोहोचलं तरच ती भरते.