झाडांच्या व्हायरसवर अँटीबॉडी बसवणं

झाडांना रोग पाडणाऱ्या व्हायरसच्या कणावर, माणसाच्या व्हायरसला धरून ठेवणारी अँटीबॉडी (जंतूला पकडायला शरीर बनवतं ते प्रोटीन) बसवायची असं हे तंत्र आहे, मुख्यतः टेस्टमध्ये तो व्हायरस पकडायला. पुसेगावकडं बटाट्याची किंवा फलटणला टोमॅटोची पानं चट्ट्यापट्ट्याची झाली की शेतकरी "व्हायरस आला" म्हणतो आणि झाड उपटून टाकतो, तसलेच व्हायरस इथं कामाला लावलेत.

जास्त वापरात तंबाखू मोझॅक, चवळी मोझॅक आणि बटाट्याचा एक्स व्हायरस. तंबाखूवाला १९३५ साली वेंडेल स्टॅन्लीनं स्फटिकरूपात वेगळा काढला, त्यासाठी १९४६ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. त्याचा कण म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब, १८ जाड अशी पोकळ कांडी, आत आरएनए (व्हायरसची जनुकं) आणि भोवती एकाच प्रोटीनच्या सुमारे २१३० प्रती. लई चिवट असतो, तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोची रोपं लावली तरी लागण होऊ शकते (आणि आपल्याकडं रोपं लावताना तंबाखू न मळणारा गडी शोधूनच आणावा लागंल).

खरी अडचण आकाराची. अख्खी अँटीबॉडी मोठी, म्हणून तिचा फक्त पकडणारा शेंडा घेतात नाहीतर उंट-लामाच्या अँटीबॉडीतला छोटा तुकडा म्हणजे नॅनोबॉडी, पण तीही प्रत्येक प्रोटीनला जोडली तर कण नीट जुळत नाही. मग मध्ये लाळ्या-खुरकूतच्या व्हायरसचा २ए नावाचा तुकडा घालतात, त्याच्यामुळं पेशी काही प्रोटीनं अँटीबॉडीसकट बनवते, काही नुसतीच, आणि मिश्र कण तयार होतो. म्हणजे बटाट्याचा व्हायरस, त्यात जनावरांच्या व्हायरसचा तुकडा, आणि पकडायचा माणसाचा! १९९८ साली बटाटा एक्सवर अशी बसवलेली अँटीबॉडी मात्र डाययुरॉन ह्या तणनाशकाला धरणारी होती.

फायदा संख्येचा. एकेक पकड ढिली असली तरी एकाच कणावर भरपूर असल्यानं समोरचा व्हायरस सहजी सुटत नाही, शिवाय टेस्टमध्ये रंग आणणारं एन्झाइमही त्याच कणावर चढवता येतं. कण बनवायला तंबाखूच्या भावकीतलं निकोटियाना बेंथॅमियाना हे ऑस्ट्रेलियातलं झाड वापरतात, पानं वाटून कण गाळून घ्यायचे.

हे व्हायरस माणसात वाढत नाहीत, पण टोचले तर शरीर त्यांनाच परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, त्यामुळं औषधापेक्षा टेस्टसाठी वापर सोपा. झाडं मात्र बंद ग्रीनहाऊसमध्येच ठेवावी लागतात, कारण बटाटा एक्स नुसत्या पानाला पान घासून पसरतो.