ग्रामीण वास्तव्य प्रोत्साहन (दूरस्थ नोकरदारांसाठी)

संगणक आणि इंटरनेटच्या आधारे कचेरीपासून दूर राहून काम करणाऱ्या नोकरदारांनी महानगर सोडून खेड्यात किंवा लहान शहरात राहायला जावे, यासाठी शासनाने देऊ केलेल्या रोख रकमा, करसवलती, घरभाड्यातील वाटा, कर्जफेडीस साहाय्य आणि कामाची सुसज्ज जागा यांना एकत्रितपणे ग्रामीण वास्तव्य प्रोत्साहन म्हणता येईल. औद्योगिक प्रोत्साहनात शासन कारखाना आणते आणि कारखान्यामागून माणसे येतात. या पद्धतीत शासन थेट माणसाला बोलावते आणि तो आपली नोकरी बरोबर घेऊन येतो. पगार पुण्या-बंगळूरहून येतो, पण किराणा, दूध, घरदुरुस्ती, शाळा आणि दवाखाना यांवरचा खर्च गावात होतो, आणि ओस पडू लागलेल्या गावाला कमावत्या वयाची माणसे परत मिळतात, असा त्यामागचा हिशेब आहे. येथे त्याचा विचार सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

माणसे वसवण्यासाठी सवलत देण्याची रीत महाराष्ट्राला जुनीच आहे. शिवकाळात आणि पेशवाईत दुष्काळाने किंवा लढायांनी उजाड झालेली गावे पुन्हा लागवडीस आणण्यासाठी रयतेला कौल, म्हणजे सवलतीचे लेखी आश्वासन, दिला जाई आणि त्यात इस्तावा ठरवलेला असे. म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढे दरवर्षी थोडा चढता आणि काही वर्षांनी पूर्ण दराने. नवी पेठ वसवताना तिचे प्रमुख असलेल्या शेटे-महाजनांना वतन आणि तेथे येणाऱ्या उदमी-कारागिरांना काही वर्षे करमाफी मिळे. या व्यवस्थेतील शहाणपण असे की सवलत काळाशी बांधलेली होती आणि जो टिकला त्यालाच ती लाभली. आजच्या योजनांचे यशापयश बऱ्याच अंशी याच एका मुद्द्यावर ठरते. सोलापूरला बाहेरून आलेल्या माणसांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, कारण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर आणि आसपासच्या दुष्काळी मुलखातून आलेल्या गिरणी कामगारांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर मात्र प्रवाह उलटला, आणि गेल्या दोन-तीन दशकांत शिकलेली पिढी पुण्याच्या दिशेने जात राहिली.

आधुनिक स्वरूपातील योजनांत अमेरिकेतील वरमाँट राज्याच्या कायद्याचा उल्लेख सहसा प्रथम होतो. २०१८ साली संमत झालेल्या आणि १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या या कायद्याने, राज्याबाहेरील कंपनीसाठी घरून काम करणारी व्यक्ती वरमाँटमध्ये राहायला आल्यास तिला स्थलांतराचा खर्च, संगणक, इंटरनेट जोडणी आणि सामायिक कार्यालयाचे शुल्क यांपोटी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत आणि दोन वर्षांत एकूण १०,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ केली. त्याआधी २०११ साली कॅन्सस राज्याने लोकसंख्या घटणाऱ्या परगण्यांसाठी प्राप्तिकरात सूट आणि शैक्षणिक कर्जाच्या फेडीस पाच वर्षांत १५,००० डॉलरपर्यंत साहाय्य सुरू केले होते, परंतु ती योजना घरून काम करणाऱ्यांपुरती नव्हती. वेस्ट व्हर्जिनियाने एप्रिल २०२१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत पहिल्या वर्षी दरमहा हप्त्यांनी १०,००० डॉलर आणि दुसरे वर्ष तेथेच काढल्यावर आणखी २,००० डॉलर मिळतात. तिच्या उभारणीस इंट्युइट या कंपनीचे माजी प्रमुख ब्रॅड स्मिथ आणि त्यांच्या पत्नीने दिलेल्या अडीच कोटी डॉलरच्या देणगीचा आधार होता. इटलीत टस्कनीमधील सांता फिओरा या डोंगरी गावाने २०२१ साली घरून काम करणाऱ्यांच्या घरभाड्यातील निम्मा वाटा, महिन्याला २०० युरोच्या मर्यादेत, उचलण्याचे जाहीर केले. आयर्लंडने त्याच वर्षीच्या ग्रामीण धोरणात माणसाच्या हाती पैसे देण्यापेक्षा चारशेहून अधिक सामायिक कार्यकेंद्रांचे जाळे विणण्यावर भर दिला.

जपानची पद्धत सर्वांत काटेकोर आहे आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. टोकियोच्या २३ प्रभागांत राहणाऱ्या किंवा तेथे कामाला जाणाऱ्या व्यक्तीने राजधानीचा परिसर सोडून अन्यत्र वस्ती केल्यास कुटुंबाला दहा लाख येनपर्यंत आणि एकट्या व्यक्तीला सहा लाख येनपर्यंत रक्कम देण्याची योजना २०१९ साली सुरू झाली. सुरुवातीला नव्या गावी नोकरी किंवा उद्योग करण्याची अट होती. २०२१ पासून टोकियोतील जुनी नोकरी दुरून करत राहणाऱ्यांनाही तिचा लाभ मिळू लागला. २०२३ पासून प्रत्येक मुलामागची वाढीव रक्कम तीन लाखांवरून दहा लाख येनपर्यंत नेण्यात आली. तीन वर्षांच्या आत गाव सोडल्यास संपूर्ण आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान सोडल्यास निम्मी रक्कम परत करावी लागते. टिकेल त्यालाच लाभ हा इस्ताव्यामागचा विचार येथे दुसऱ्या टोकाने आलेला दिसतो.

तरीही जपानमध्ये ज्या गावाचे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते त्या कामियामाने मोठ्या रोख रकमेच्या बळावर लौकिक मिळवलेला नाही. तोकुशिमा प्रांतातील या डोंगराळ, वृद्धबहुल गावात ऑप्टिकल फायबरचे जाळे आधीच पोचलेले होते, आणि स्थानिक स्वयंसेवी मंडळींनी रिकामी पडलेली जुनी घरे डागडुजी करून कामासाठी उपलब्ध केली. २०१० साली सानसान या टोकियोतील कंपनीने तेथे आपले छोटे कार्यालय थाटले, मागोमाग इतर आल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये गावात तंत्रशिक्षणाचे नवे निवासी महाविद्यालयही सुरू झाले. फायबर, घर आणि बाहेरच्या माणसाला गावाशी जोडून देणारी खटपटी माणसे या तीन गोष्टी तेथे पैशाच्या आधी हजर होत्या.

या प्रोत्साहनांवरील मुख्य आक्षेप असा की जे येणारच होते त्यांनाच पैसे मिळतात. वरमाँटच्या राज्य लेखापरीक्षकांनी हाच प्रश्न उघडपणे उपस्थित केला होता. दुसरा आक्षेप घरांच्या किमतींचा आहे. महानगरी पगाराची माणसे लहान गावात आली की भाडी चढतात आणि त्याची झळ तेथल्याच शिक्षकाला, परिचारिकेला आणि दुकानातील नोकराला बसते. तिसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे: ही मदत आधीच सुस्थितीत असलेल्या वर्गाला मिळते आणि त्याच गावातील भूमिहीन मजुराच्या वाट्याला थेट काहीच येत नाही. हा आक्षेप खरा आहे. योजनेचा मोठा भाग सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या सोयींवर खर्च झाला तरच त्याची धार कमी होते.

भारतात या विषयाचा पाया बदललेल्या नियमांनी घातला. दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी कॉल सेंटरसारख्या सेवा केंद्रांसाठीचे नियम शिथिल करून घरून काम करण्यातील नोंदणीची आणि बँक हमीची अडचण दूर केली. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत ४३-अ हे कलम घालून तेथील कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास मुभा देण्यात आली. त्याआधी डिजिटल इंडियाअंतर्गत बीपीओ (इतर कंपन्यांची कामे करून देणारी केंद्रे) प्रोत्साहन योजनेत महानगरांबाहेर उभारलेल्या केंद्रांना प्रत्येक आसनामागे एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य होते आणि तिचे उद्दिष्ट ४८,३०० आसनांचे होते. केरळने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात घराजवळच्या कार्यकेंद्रांसाठी ५० कोटी रुपये ठेवले. उत्तराखंडने ओस पडणाऱ्या डोंगरी गावांच्या अभ्यासासाठी २०१७ साली स्वतंत्र पलायन आयोगच नेमला.

महाराष्ट्राची प्रोत्साहने प्रामुख्याने आस्थापनांना मिळत आली आहेत. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेने मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना तालुक्याच्या मागासलेपणानुसार वाढत्या सवलती दिल्या. चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहती सोलापूरकरांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत. २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही मुंबई-पुण्याबाहेरील क्षेत्राला अधिक झुकते माप आहे, पण तेही गुंतवणूक करणाऱ्या घटकाला. व्यक्तीला थेट बोलावण्याच्या आड करांची रचना येते. अमेरिकेत बहुतेक राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर असतो, त्यामुळे नव्याने आलेला रहिवासी आपल्यावरचा खर्च करातून फेडू शकतो. भारतात प्राप्तिकर केंद्राचा. राज्याच्या वाट्याला येणारा व्यवसाय कर राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांवर रोखलेला. आणि ग्रामपंचायतीच्या हाती घरपट्टी व पाणीपट्टी. हिंजवडीचा अभियंता बार्शीला राहायला आला तर राज्याच्या तिजोरीत जवळजवळ काहीच भर पडत नाही. पडलीच तर बार्शीच्या बाजारपेठेत पडते. म्हणून येथे अशी योजना महसुलाच्या गणितावर उभी राहणार नाही. प्रादेशिक समतोलासाठी जाणीवपूर्वक केलेला खर्च म्हणूनच तिचा विचार करावा लागेल.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सोलापूर जिल्ह्याने हा प्रयोग कोणत्याही योजनेशिवाय अनुभवला. अभियांत्रिकी शिकून पुण्याला गेलेली मुले-मुली अकराही तालुक्यांतील आपल्या घरी परतली आणि माळवदाच्या घरात लॅपटॉप उघडून कामाला लागली. परदेशी योजनांत परक्या माणसाला गावाची ओळख करून द्यावी लागते. येथे घर, शेत, भाषा, देव आणि भावकी सगळे आधीचेच होते. त्यांतील बहुतेकांना पुन्हा जावे का लागले, याचे उत्तर वस्तीवर मिळते.

सांगोला, मंगळवेढा, माढा या तालुक्यांत पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्तीवर राहतात. गावठाणाचा वीजफीडर (वीज पुरवणारी वाहिनी) वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज दिवसातून साधारण आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्रपाळीने, आणि उरलेल्या वेळात मिळालीच तर सिंगल फेज. अशा वस्तीवर नोकरी करणाऱ्याची खोली पाहावी: टेबलाखाली इन्व्हर्टरची बॅटरी, खिडकीत राऊटर, शेजारी दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला मोबाइल हॉटस्पॉटसाठी तयार, आणि ‘आता तासभर कुणी हाक मारू नका’ असे आजीला सांगून लोटून घेतलेले दार. परदेशी ग्राहकाशी बैठक संध्याकाळी सुरू होते, नेमकी तेव्हाच लाइट जाते आणि इन्व्हर्टर दुपारपासून पुरता चार्ज झालेला नसतो. असे महिन्यात दोनदा झाले तरी वरिष्ठांच्या मनात गावाबद्दल अढी बसते. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत पोचले तरी तेथून दोन-अडीच किलोमीटरवरच्या वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतेकदा स्थानिक केबलवाल्याच्या खांबांवर आणि त्याच्या सवडीवर अवलंबून असतो. दहा हजार डॉलरच्या तोडीची रक्कम हातात दिली तरी हा टप्पा एका कुटुंबाला ओलांडता येत नाही.

पाण्याचेही तसेच. भीमेवरील उजनी धरण जिल्ह्यातच आहे, पण सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या आड येते. पुण्यातील सदनिकेची सवय झालेल्या जोडप्याला पहिल्या उन्हाळ्यातच हे जाणवते. त्या मानाने प्रवास बराच सुकर झाला आहे. पुण्यापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरचा रुंद महामार्ग आहे, सकाळी सोलापूरहून निघून कचेरीच्या वेळेला पुणे स्थानकात पोचवणारी गाडी आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईपर्यंत वंदे भारतही धावते. आठवड्यातून एक-दोन दिवस कचेरीत येण्याची अट असलेल्या नोकरदाराला कुर्डुवाडी किंवा मोहोळजवळचे गाव त्यामुळे खरोखर शक्य कोटीत आले आहे. मात्र कंपनीची संमती हा सर्वांत कच्चा दुवा राहतो. अनेक कंपन्यांनी २०२२ नंतर कर्मचाऱ्यांना परत बोलावले, आणि ते बोलावणे आले की कोणतेही सरकारी प्रोत्साहन आपोआप निष्प्रभ होते.

मुलांची शाळा हा कुटुंबाच्या निर्णयातील बहुधा शेवटचा आणि निर्णायक प्रश्न असतो. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा खेड्यातील सरकारी शाळा कुठवर जाऊ शकते हे जगाने पाहिले. अशा शाळा दर दहा गावांत एक असत्या तर वेगळ्या प्रोत्साहनाची गरज निम्म्याने कमी झाली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. लग्नानंतर सासरी आल्यामुळे पुण्यातील नोकरी सोडावी लागलेल्या शिकलेल्या सुनांसाठी तालुक्याच्या गावी वीज, इंटरनेट आणि पाळणाघर असलेले एक सार्वजनिक कार्यकेंद्र रोख रकमेहून अधिक मोलाचे ठरेल; घरातील कामाच्या हाका तेथे पोचत नाहीत. गावातील समजुतीही विचारात घ्याव्या लागतात. दिवसभर घरात दिसणाऱ्या तरुणाला ‘नोकरी गेली का रे?’ असे काळजीने विचारले जाते, आणि स्थळ पाहायला आलेली मंडळी गावातल्या बांधीव घरापेक्षा पुण्यातील फ्लॅटची चौकशी आधी करतात.

योजना आखताना वास्तव्य सिद्ध कसे करायचे, हा व्यावहारिक प्रश्न सोलापुरात विशेष अवघड होईल. जपानमध्ये घर बदलले की नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत तशी नोंद करावी लागते आणि पाच वर्षांची मुदत त्या नोंदीवरून मोजता येते. सोलापूर जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचे रेशनकार्ड आणि मतदारयादीतील नाव पंधरा-वीस वर्षे पुण्यात राहूनही गावचेच आहे. मतदानाला, आषाढीला आणि ज्वारीच्या काढणीला ती येतात, सातबाऱ्यावर त्यांची नावे असतात, आणि कागदोपत्री पाहिले तर त्यांनी गाव कधी सोडलेलेच नाही.