धर्म आणि कायदा: या विषयावर कायद्यात पीएच.डी. करायची असेल तर पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

संस्कृत, पाली, अरबी किंवा तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलेल्यांना धर्मविषयक कायद्यावर संशोधन करावंसं वाटतं, तेव्हा पहिली अडचण विषयाची नसते, पदवीची असते. विधी विद्याशाखेत पीएच.डी.साठी साधारणपणे एलएल.एम., म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या एम.ए.वर तिथला अर्ज छाननीतच बाद होतो. म्हणून आधी दार ठरवा. हिंदू कायद्यामागचा धर्मशास्त्रीय विचार तपासायचा असेल, तर संस्कृत किंवा तत्त्वज्ञान विभागातूनही ते काम चांगलं होतं. न्यायालयांनी धर्माचं काय केलं हा प्रश्न असेल, तर कायद्याची पदवी घ्यावीच लागेल.

ती घ्यायची तर तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीतून होतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतल्या दोन गोष्टी पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. बारावी न होता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी इथे चालत नाही. आणि एलएल.बी. चालू असताना दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रम करता येत नाही. भाषेचा अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम मात्र करता येतो. मोडी, फारसी किंवा पाली शिकायची असेल तर ती याच काळात शिका, पुढे वेळ मिळत नाही.

पीएच.डी.ची चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी ठरवली आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत आहे. गुण सीजीपीएमध्ये असतील तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवा. स्वतः गुणाकार करून भरलेला आकडा छाननी समिती मानत नाही.

प्रवेश नेटवर (राष्ट्रीय पात्रता परीक्षेवर) किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर, म्हणजे पेटवर होतो. पेटमध्ये निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि निम्मे विषयाचे असतात. मुलाखतीला पात्र व्हायला ५० टक्के लागतात आणि अंतिम यादीत परीक्षेला ७०, मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. नेटचा पेपर आपल्या पदव्युत्तर विषयातच द्यायचा असतो. कायद्याचा संकेतांक ५८, धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा ६२. अर्ज भरताना हे दोन गोंधळू देऊ नका. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफसाठी (संशोधन शिष्यवृत्तीसाठी) वयोमर्यादा ३० वर्षं आहे, पण एलएल.एम. झालेल्यांना तीन वर्षांची सूट मिळते. जून २०२४ पासून नेटचे निकाल तीन गटांत लागतात: जेआरएफ, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी., आणि फक्त पीएच.डी. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. निकालानंतर गाईड शोधण्यात ते वर्ष संपून जाण्याचा धोका खरा आहे.

गाईडच्या जागाही मोजक्याच असतात. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. अर्जाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची रिक्त जागांची यादी बघा आणि ज्यांनी घटना, कौटुंबिक कायदा किंवा न्यास कायद्यावर काम केलं आहे अशा गाईडशी बोला.

आता सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा. धर्माच्या विषयावरचे अर्ज सर्वांत जास्त इथेच घसरतात. ‘भारतातील धर्म आणि कायदा: एक अभ्यास’ हे शीर्षक कोणतीही समिती परत पाठवेल, कारण त्यात प्रश्नच नाही. विषय एखाद्या कलमापर्यंत, एखाद्या निकालापर्यंत आणा. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ५०अ खाली धर्मादाय आयुक्त न्यासाच्या कारभारासाठी योजना ठरवून देऊ शकतात. देवस्थानांसाठी ठरवलेल्या अशा योजना घटनेच्या अनुच्छेद २६ मधल्या व्यवस्थापनाच्या हक्काशी कितपत जुळतात? हा संशोधनाचा प्रश्न झाला. त्याला पूर्वपीठिकाही मिळते: रतिलाल गांधी खटल्यात (१९५४) याच अधिनियमाला आव्हान होतं, आणि धार्मिक न्यासावर धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. त्याच वर्षी शिरूर मठाच्या निकालातून ‘अत्यावश्यक धार्मिक प्रथा’ ही कसोटी, म्हणजे एखादी प्रथा त्या धर्माचा गाभा आहे का हे बघणं, पुढे आली. व्यक्तिगत कायद्यात रस असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नरसू अप्पा माळी निकालापासून (१९५१) सुरुवात करा. संहिताबद्ध न झालेला व्यक्तिगत कायदा अनुच्छेद १३ च्या (मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे निरर्थक ठरवणाऱ्या तरतुदीच्या) कक्षेत येत नाही, ही भूमिका तिथे मांडली गेली आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

सिनॉप्सिसमध्ये प्रश्न, आधीच्या संशोधनाचा आढावा, गृहीतक, पद्धत आणि प्रकरणांची रूपरेषा असावी. पद्धतीच्या भागात नुसतं ‘सैद्धांतिक’ लिहून भागत नाही. कोणत्या न्यायालयाचे, कोणत्या वर्षांतले निकाल वाचणार, ग्रंथ मूळ भाषेत वाचणार की अनुवादात, हे स्पष्ट लिहा. मूळ भाषा येत नसेल तर शब्दार्थावर उभं राहणारं गृहीतक घेऊ नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. धर्म खरा की खोटा, प्रथा चांगली की वाईट, असा निवाडा करणारं गृहीतकही टाळावं. श्रद्धाळू आणि टीकाकार दोघांनाही तपासता येईल असंच विधान टिकतं.

कागदपत्रांमध्ये दहावीपासून एलएल.एम.पर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट किंवा पेटचा निकाल आणि ओळखपत्र लागतं. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना स्थलांतर प्रमाणपत्र हवं. राखीव प्रवर्गात जात प्रमाणपत्र, राज्यातल्या विद्यापीठांत सहसा जात वैधताही. नॉन क्रीमी लेअरचा दाखला अर्जाच्या तारखेला चालू असावा. नेटसाठी तो केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, आणि हे लक्षात येईपर्यंत मुदत संपलेली असते. नोकरी करणाऱ्यांनी अर्धवेळ नोंदणीसाठी मालकाचं ना हरकत पत्र जोडायचं. संशोधनासाठी पुरेसा वेळ दिला जाईल असं त्यात लिहिलेलं असावं. लग्नानंतर नाव बदललं असेल किंवा गुणपत्रिकांवर वडिलांचं नाव वेगवेगळं पडलं असेल, तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

नोंदणीनंतर किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क असतं आणि त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. कमीत कमी मुदत तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आठ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन.

प्रबंध देताना साम्य तपासणीत (दुसऱ्यांचा मजकूर उतरवला आहे का याच्या तपासणीत) दहा टक्क्यांपर्यंत चालतं. कलमांचा मजकूर आणि योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणं त्यातून वगळली जातात. पण निकालपत्रातला उतारा अवतरणचिन्हांशिवाय उतरवला तर तो मोजला जातो. दहा ते चाळीस टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. म्हणून निकाल वाचतानाच प्रत्येक टिपणापुढे परिच्छेद क्रमांक आणि अवतरणचिन्ह टाकत चला. चार वर्षांनी आपलं वाक्य कोणतं आणि न्यायमूर्तींचं कोणतं, हे वहीवरून ओळखता आलं पाहिजे.