मसल कारच्या आवाजातून एकच सूर वजा करायचा तर

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी वापरलेली मस्टँग जीटी घेतली, म्हणजे मोठ्या इंजिनाची अमेरिकन 'मसल कार'. ५.० लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर, आणि आधीच्या मालकाने मूळचा काढून बसवून घेतलेला बाहेरचा सायलेन्सर. फोनवर त्याने ती सुरू करून ऐकवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, इतकी ती छान गुरगुरते. पण डेट्रॉइटहून शिकागोकडे जाणाऱ्या आय-९४ वर ताशी ७० मैलांवर काटा स्थिरावला की तासाभरात त्याचं कपाळ ठणकायला लागायचं. "दादा, आवाज मोठा नाहीये," तो म्हणाला, "पण कानाच्या पडद्यावर कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं वाटत राहतं."

गाडीवाले याला 'ड्रोन' म्हणतात. मी 'घूं' म्हणतो, कारण ऐकू तसंच येतं. त्याला मिळालेले सगळे सल्ले एकाच वळणाचे होते: व्ही-८ चा आवाज हवा असेल तर घूं सोसायची, नाहीतर शांत सायलेन्सर बसवायचा. ही समजूत चुकीची आहे. गुरगुर आणि घूं एकाच पाइपातून बाहेर येतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आठ सिलिंडर, म्हणजे एका फेरीला चार स्फोट. वरच्या गिअरमध्ये इंजिन १८०० आरपीएमवर (मिनिटाला १८०० फेऱ्या) फिरत असेल तर सेकंदाला ३० फेऱ्या आणि १२० स्फोट होतात. म्हणून मुख्य सूर १२० हर्ट्झचा.

आता या इंजिनाची खरी गंमत. आठही स्फोट समान अंतराने होतात, तीनतालाच्या मात्रांसारखे. पण सिलिंडरच्या ओळी दोन आहेत आणि त्यांची पाळी अशी येते: उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी, डावी, उजवी. मात्रा सरळ, पण तबला आणि डग्गा यांच्यातली वाटणी वाकडी. एकाच ओळीचा पाइप ऐकला तर दोन ठोक्यांमध्ये इंजिन कधी ९० अंश फिरतं, कधी १८०, कधी २७०. या लंगडत्या चालीतून १२० च्या खाली आणखी सूर तयार होतात. गणित मांडून पाहिलं तर १८०० आरपीएमला ४५ आणि ७५ हर्ट्झचे सूर त्यात सगळ्यांत ठळक निघतात. अमेरिकन व्ही-८ ची ओळख या खालच्या सुरांत आहे. (दोन्ही पाइप मध्येच जोडणारा एक्स-पाइप ओळींमधली ही वाटणी पुसट करतो, म्हणून तो बसवला की आवाज गुळगुळीत होतो.)

मग घूं कुठली? एसटीची लाल गाडी स्टँडवर न्यूट्रलमध्ये उभी असताना एखादी काच अचानक खडखडायला लागते, आणि ड्रायव्हरने पाय जरा दाबला की गप्प होते. इंजिनाची वारंवारता त्या काचेच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळली, एवढंच. शाळेत याला अनुनाद म्हणतात. गाडीच्या आतली हवा, डिकीचा पत्रा, सायलेन्सरच्या पाइपातला वायूचा स्तंभ, सगळ्यांच्या अशा आपापल्या वारंवारता असतात. काही मीटरच्या बंद डब्यात त्या साधारण शंभर हर्ट्झच्या आगेमागेच पडतात. हायवेवर तासन्‌तास १२० वर ठोकत राहिलं आणि यातलं काहीतरी तिथेच जुळलं, की तो एक सूर बाकी सगळ्यांवर चढून बसतो. २५०० आरपीएमला गाडी पुन्हा गोड वाजते. हीच या दुखण्याची खूण.

म्हणजे सगळा आवाज कमी करायचा नाही. एक सूर वजा करायचा.

सायलेन्सरमध्ये आणखी काचलोकर भरणं इथे उलटं पडतं. लोकर तीक्ष्ण आवाज छान पिते, पण १२० हर्ट्झची तरंगलांबी तापलेल्या वायूत साडेतीन-चार मीटर असते. त्या लाटेला चार-पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे काहीच नाही. वरची चमक जाते आणि घूं तशीच राहते.

उपाय जुना आणि फार सुंदर आहे. नळाखाली कळशी भरताना आवाज चढत जातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी वर येतं, हवेचा स्तंभ आखूड होतो, सूर उंचावतो. एक तोंड उघडं आणि एक बंद अशी नळी स्वतःच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला जुळते. आता अशीच एक बंद नळी मुख्य पाइपाला बाजूने जोडायची. तिच्यातून धूर वाहत नाही, फक्त दाबाची लाट आत जाऊन येते.

काय होतं ते एका ठोक्याबरोबर चालत जाऊन पाहू. १२० हर्ट्झ म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ८.३ मिलिसेकंद. त्याच्या निम्मे ४.२. पाइपातल्या दाबाचं शिखर जोडापाशी आलं की त्याचा एक हिस्सा बाजूच्या नळीत शिरतो, बंद टोकावर आदळतो आणि शिखर म्हणूनच परत फिरतो. नळीची लांबी अशी हवी की जाऊन-येऊन नेमके ४.२ मिलिसेकंद लागतील. तोवर मुख्य पाइपात शिखराच्या जागी दरी आलेली असते. शिखर दरीत पडतं आणि जोडापाशी दाब सपाट होतो. पुढे सायलेन्सरच्या तोंडाकडे तो सूर फारसा जातच नाही.

आणि बाकीचे सूर? ४५ आणि ७५ ची लाट चुकीच्या वेळी परतते, म्हणून ती जवळजवळ जशीच्या तशी पुढे निघून जाते. २४० ची लाट तर पूर्ण एक आवर्तन करून मूळ लाटेच्या तालात परत येते, तिला धक्काही लागत नाही. (३६० मात्र कापली जाते, तिचीही वेळ उलटी येते.) हायवेच्या त्या वेगालाही गुरगुर शाबूत राहते. मला या साध्या नळीचं अजून नवल वाटतं: हलणारा एकही भाग नाही, वायर नाही, वायूच्या वाटेत अडथळा नाही, आणि ती निवडून जवळजवळ एकच सूर खाते.

लांबी काढताना मात्र बहुतेक लोक चुकतात. माझा भाऊही चुकला. त्याने शाळेतला ध्वनीचा वेग घेतला, सेकंदाला ३४३ मीटर. त्याला १२० च्या चौपटीने भागलं की ७२ सेंटिमीटर येतात. दोन्ही पाइपांना तेवढ्या नळ्या वेल्ड करून घेतल्या, जागा नव्हती म्हणून वाकवून. टोकाला झाकण क्लॅम्पने बसवलं. हायवेवर गेला, १८०० ला घूं तशीच. वैतागून त्याने फोन केला. मी म्हटलं, आरपीएम हळूहळू वाढव आणि कुठे सगळ्यांत शांत होतं ते बघ. २१५० ला आवाज खोल खड्ड्यात पडल्यासारखा गेला.

नळी काम करत होती, फक्त दुसऱ्याच सुरावर. २१५० आरपीएम म्हणजे १४३ हर्ट्झ. १४३ गुणिले चार गुणिले ०.७२, म्हणजे आतल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४१२ मीटर. आणि हा वेग केल्व्हिनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो (वर्गमूळ गुणिले २०.०५), त्यावरून तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअस निघालं. मुख्य पाइपातला वायू याहून बराच तापलेला असतो, पण बंद नळीत प्रवाह नसल्याने ती थंड राहते. थर्मामीटर न लावता, नुसत्या कानाने आम्ही गाडीखालच्या नळीचं तापमान काढलं होतं! ४१२ भागिले ४८० म्हणजे ८६ सेंटिमीटर. चौदा सेंटिमीटरचा तुकडा वाढवला आणि घूं गेली.

नळी कुठे जोडायची यालाही महत्त्व आहे. सायलेन्सरच्या उघड्या तोंडाजवळ दाब जेमतेम हलतो, तिथे तिचा उपयोग नाही. दाबाचं हेलकावणं जिथे मोठं, तिथेच ती हवी. बंद टोक वरच्या अंगाला ठेवावं, नाहीतर आत पाणी साठून गंज धरतो. डॉज चॅलेंजरच्या ५.७ लिटर ऑटोमॅटिकसारख्या गाड्या हायवेवर चार सिलिंडर बंद करतात. तिथे १८०० आरपीएमचा सूर ६० हर्ट्झवर उतरतो आणि नळी दुप्पट लांब लागते. गाडीखाली एवढी जागा काढणं अवघड, मग मान आणि पोट असलेली बाटली वापरतात. बाटल्यांच्या अशा अनुनादाचा अभ्यास हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच केला होता.

इथे दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. 'सायलेन्सर जितका मोठ्याने, तितकी ताकद जास्त' हे डेट्रॉइटमध्येही ऐकू येतं आणि आपल्याकडे बुलेटला फटाक्याचा सायलेन्सर लावणाऱ्यांकडूनही. ताकद वायू किती सहज बाहेर पडतो यावर ठरते. आवाज हे त्याचं माप नव्हे. दुसरं, 'घूं नाहीच' अशी हमी देऊन विकल्या जाणाऱ्या सायलेन्सरच्या जाहिरातीत डेसिबलचा आकडा असतो. तो बहुधा 'ए' मोजणीतला, आणि त्या मोजणीत १२५ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १६ डेसिबल आधीच वजा होतात. ज्या सुराने डोकं दुखतं, तोच मीटर कमी धरतो. फोनवरचं वारंवारता दाखवणारं साधं ॲप हायवेवर चालू करून शेजारच्याला बघायला सांगा, शिखर कुठे आहे ते लगेच कळतं.

मिशिगनच्या हिवाळ्यात उणे दहा अंशांत गाडी काढली की नळीही तेवढीच गार असते. तेव्हा तिच्यात ध्वनीचा वेग ३२५ मीटर, म्हणजे ती ९४ हर्ट्झवर बसलेली असते. भाऊ घरातून निघून हायवेला लागतो तेव्हा सुरुवातीचे काही मैल जुनी घूं ऐकू येते. मग नळी तापत जाते, ९४ वरून हळूहळू वर सरकत १२० ला पोचते, आणि ॲन आर्बर यायच्या आत कधीतरी घूं विरून जाते. मागे नुसती गुरगुर उरते.