टिकलेली गाडी आणि टिकवलेली गाडी

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली ती शेवटची पद्मिनी. शहरात टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटली. त्या आठवड्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘तसल्या गाड्या आता होणे नाही.’ पद्मिनीवर माझाही जीव आहे. आमच्या सांगलीच्या घरी १९७९ सालची होती, आणि तिला आम्ही शेवटपर्यंत फियाटच म्हणायचो. पण ती इतकी वर्षं चालली ती कोणाच्या जिवावर, हे सांगितल्याशिवाय जुन्या-नव्याची तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि पुढे १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर. परवाना पद्धतीच्या त्या काळात मध्यमवर्गाला निवड जवळजवळ एवढ्याचीच होती. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. इतक्या उशिरा हाती आलेली गाडी कोण दहा वर्षांत काढून टाकणार? ती पंचवीस वर्षं ठेवणं भागच होतं. शिवाय मॉडेल दशकानुदशकं बदलत नसे. अँबॅसॅडरचं उत्पादन १९५० च्या दशकाअखेर सुरू झालं आणि २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचा बाहेरचा आकार ओळखीचाच राहिला. त्यामुळे पार्ट कुठेही मिळत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. तिथे नाहीच मिळाला तर गावातला लेथवाला करून द्यायचा.

आमच्या फियाटचं इंजिन मी लहानपणी दोनदा उतरलेलं पाहिलं. आधी ती ऑइल खायला लागायची. सायलेन्सरमधून निळसर धूर, चढावर दम नाही. मग मिस्त्री हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडायचे, चिंधीने सिलिंडर पुसायचे आणि आत बोट घालून वरच्या कडेशी नख फिरवायचे. पिस्टनच्या रिंगा जिथवर घासत जातात तिथवर भिंत झिजते आणि त्याच्या वर एक कड राहते. नख त्या कडेला अडलं की ते मान हलवायचे: ‘बोअर करावं लागेल.’ मग ब्लॉक लेथवर जायचा, सिलिंडर किंचित मोठा केला जायचा, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा पडायच्या. दोन-तीन वेळा बोअर झालं की पुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी. गाडी परत आली की मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची पट्टी लागायची आणि वडील काही आठवडे ती जपून, हळू चालवायचे. मिस्त्रींचा हिशेब साठ-सत्तर हजार किलोमीटरचा असे. तेवढी धाव झाली की इंजिनकाम आलंच, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. मीटरवर आकडेही पाचच होते. लाखाच्या आत इंजिन एकदा तरी उघडलं जाणार हे गृहीतच होतं.

इंजिन इतकं का झिजायचं, यातच खरा इतिहास आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करायला चोक ओढला की पेट्रोल हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडायचा. ते न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढायचं, आणि धातूवर धातू घासायचा. रोजच्या थंड स्टार्टला हे चालायचं. रस्त्यांवर धूळ अमाप. फिल्टर चुकवून आत गेलेली धूळ सिलिंडरला पॉलिश पेपरसारखी घासायची. पेट्रोलमध्ये शिसं होतं, त्याचा थर प्लगवर बसायचा. ते शिसं बाहेर पडावं म्हणून मिसळलेल्या रसायनांतून आम्ल तयार होऊन सायलेन्सर आतून खात जायचा. ठिणगीचे पॉइंट घासा, व्हॉल्व्हचे टॅपेट सेट करा, कार्ब्युरेटर साफ करा, हे सणवारासारखं ठरलेलं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडी टाकून रेडिएटर थंड व्हायची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि हे चित्र बदलू लागलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, पण यंत्रकाम कितीतरी नेमकं. लोक तिच्या पातळ पत्र्याला नावं ठेवायचे, आणि ती मात्र वर्षानुवर्षं हेड न उघडता चालायची. दुसरा मोठा बदल २००० च्या सुमाराला झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, म्हणजे इंजिनाला हवं तेवढंच पेट्रोल, मोजून. पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. ऑइल सुधारलं. इंधनातला गंधक टप्प्याटप्प्याने उतरत एप्रिल २०२० मध्ये दहा लाखांत दहा भागांवर आला. गंधक जळून होणारं आम्ल ऑइल बिघडवतं, तेही कमी झालं. हे सगळे नियम धुरासाठी केले गेले, इंजिनाचं आयुष्य वाढलं ते ओघाने. याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

पत्र्याची गोष्टही तीच. जुना पत्रा जाड होता हे खरं, पण आतल्या पोकळ्यांत रंग पोचतच नसे. कोकणातल्या गाड्यांची जमीन खालून सडायची, पायाखालची मॅट उचलली की रस्ता दिसायचा. आज अख्खा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या भाराने प्रायमर चढवतात. बऱ्याच गाड्यांत पत्र्याला जस्ताचा मुलामाही असतो.

म्हणजे नवी गाडी कमी झिजते, यात मला शंका नाही. पण तिचं आयुष्य आता झिजेवर ठरतच नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची हद्द घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. जुन्या गाड्यांचा धूर वाईटच, त्यावर वाद नाही. पण एखादी गाडी किती चालली आणि कशी ठेवली, हे न पाहता फक्त वय मोजणं मला पटत नाही.

दुसरी हद्द इलेक्ट्रॉनिक्सची. ती आम्ही सांगलीत पुरात पाहिली.

२००५ च्या पुरात आमची फियाट खिडक्यांपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मिस्त्रींनी टाकी आणि ऑइल रिकामं केलं, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, डायनॅमो आणि स्टार्टर उघडून गच्चीवर उन्हात ठेवले. चार दिवसांनी गाडी सुरू झाली. सीटचा वास मात्र दिवाळीपर्यंत गेला नाही.

२०१९ च्या पुरात शेजारच्या काकांची सात वर्षांची छोटी गाडी बुडाली. धाव एक लाख दहा हजार. आता गॅरेज मिस्त्रींचा मुलगा बघतो. पाणी आत गेलं का, हे पाहायला त्याने हेड उतरवलं आणि मला हाक मारली. सिलिंडर कोरडा होता. त्याने वरच्या कडेशी नख फिरवलं, कुठेच अडलं नाही. भिंतीवर कारखान्यातल्या होनिंगच्या (घासकामाच्या) तिरप्या जाळीदार रेघा अजून दिसत होत्या. पण वायरिंगचा सगळा जोड, इंजिनाचा कंट्रोल युनिट, स्टीअरिंगचा युनिट आणि एअरबॅगचा युनिट गेला होता. यातलं काहीच उघडून, वाळवून बसवता येत नव्हतं. दुरुस्तीचा अंदाज विम्याच्या रकमेच्या वर गेला आणि कागदावर ‘टोटल लॉस’ लिहून आलं. टोइंगची गाडी येईपर्यंत त्याने हेड परत बसवून बोल्ट आवळून ठेवले.